मतदानाच्या दुसऱ्या दिवशी

(द्वितीय वर्ष, कला)

निवडणूक जवळ आली की गावाची चाल बदलते. एरवी ज्या वस्तीकडे कोणी फिरकत नाही तिच्या रस्त्यावर खडी येऊन पडते, नळाच्या पाइपांचा ढीग रचला जातो, आणि ज्यांना आपण पाच वर्षे शोधत असतो ती माणसे आपण होऊन दारात हात जोडून उभी राहतात. मतदान झाले की खडी तशीच पडून राहते आणि पाइप एखाद्या रात्री कोणीतरी उचलून नेते. ‘गरज सरो आणि वैद्य मरो’ ही म्हण आपल्या लोकशाहीला इतकी चपखल लागू पडावी, ही काही भूषणाची गोष्ट नाही.

परंतु पुढाऱ्यांना नावे ठेवण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. ते काम चहाच्या टपरीवर रोज चाललेलेच असते. मला पडलेला प्रश्न लोकांच्या बाजूचा आहे. पाणी, धान्य, मजुरी, निवारा अशा प्रश्नांवर तळातून काम करणाऱ्या चळवळींनी निवडणुकीच्या हंगामात काय करावे? स्वतःचा उमेदवार उभा करावा, कोणाला तरी पाठिंबा द्यावा, की दूर राहावे? राज्यशास्त्राच्या तासाला हा विषय निघाला तेव्हा आमच्या वर्गात सरळ दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, “सत्तेत गेल्याशिवाय काहीही होत नाही.” दुसरी म्हणाली, “सत्तेत गेला तो आपला राहत नाही.” तास संपला, वाद तसाच राहिला. तो पुढे नेण्यासाठी मी दोन उदाहरणांचा अभ्यास केला. एक आपल्या मुंबईचे आणि दुसरे राजस्थानातील ब्यावर या गावचे. पहिल्यातील कार्यकर्त्या निवडणुकीत उतरल्या. दुसऱ्यातील माणसे ऐन निवडणुकीत रस्त्यावर बसून राहिली, पण त्यांनी उमेदवार दिला नाही.

लाटणे आणि मतपेटी

मृणाल गोरे यांचा जन्म १९२८ चा. राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळ यांच्या ओढीने त्यांनी वैद्यकीय शिक्षण सोडले. पती केशव तथा बंडू गोरे यांच्यासह त्या गोरेगावात काम करू लागल्या. १९५८ मध्ये पतीचे निधन झाले, पण काम थांबले नाही. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. उपनगरांत लोकवस्ती झपाट्याने वाढत होती आणि पाणी मात्र त्या वेगाने येत नव्हते. हंडे घेऊन रांगेत उभे राहणाऱ्या बायकांचा प्रश्न त्यांनी सभागृहात आणि रस्त्यावर असा दोन्हीकडे लावून धरला. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. ही पदवी कोणा पक्षाने दिलेली नव्हती, ती नळाच्या रांगेतून आली होती.

१९७२ साली त्या विधानसभेवर निवडून आल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. धान्य, तेल, साखर, रॉकेल यांची टंचाई झाली आणि भाव चढत गेले. तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी पक्षाच्या मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी अशा एरवी वेगवेगळ्या व्यासपीठांवर दिसणाऱ्या स्त्रिया येथे एकत्र आल्या. बायका लाटणी घेऊन मोर्चाला निघाल्या. ठरल्या वेळी चाळीचाळींतून थाळ्या वाजू लागल्या. ज्या बाईला भाषण करता येत नव्हते, निवेदन लिहिता येत नव्हते, तिलाही थाळी वाजवता येत होती. माझ्या मते या आंदोलनाची खरी ताकद यात होती. स्वयंपाकघरातील वस्तूच हाती घेतल्यामुळे स्वयंपाकघरातील बाई आपोआप चळवळीत आली.

पुढे जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मृणालताई काही काळ भूमिगत राहिल्या, नंतर पकडल्या गेल्या आणि तुरुंगात गेल्या. नेत्याच तुरुंगात गेल्यावर समितीचे काम खंडित होणे क्रमप्राप्त होते. मार्च १९७७ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली. उत्तर मुंबईतून मृणाल गोरे आणि उत्तर-मध्य मुंबईतून अहिल्या रांगणेकर निवडून आल्या. तिकडे रायबरेलीत इंदिरा गांधींचा पराभव झाला. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा त्या वेळी मुंबईभर गाजली. आमच्या पिढीलाही ती ऐकून माहीत आहे.

घोषणा खमंग आहे खरी, पण अभ्यासकाने तिच्यापाशी थांबू नये. बाई दिल्लीत गेल्या म्हणून महागाई संपली का? तसे झाले नाही. जनता पक्षाचे सरकार १९७९ मध्येच कोसळले. म्हणजे मतपेटीतून मिळालेला विजय तीन वर्षेही पुरला नाही. गोरेगावातील कामाने मिळवलेला विश्वास मात्र टिकला. म्हणूनच १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत गेल्या. तेथे त्यांनी गर्भलिंग चाचणीविरुद्ध अशासकीय विधेयक मांडले. बाहेर स्त्रियांच्या संघटनांची मोहीम सुरू होती आणि आत हे विधेयक होते. दोन्हींचा दाब पडून १९८८ साली महाराष्ट्रात या चाचण्यांचे नियमन करणारा कायदा झाला. त्या विषयावरचा केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ साली आला. सत्तेत किंवा सभागृहात गेल्याने काहीच होत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसे आहे.

चांग गेटवरील चाळीस दिवस

आता राजस्थानकडे वळू. अरुणा रॉय या भारतीय प्रशासन सेवेतील नोकरी सोडून ग्रामीण भागात काम करू लागल्या. १९८७ साली त्या, निखिल डे आणि शंकर सिंह हे देवडूंगरी या लहानशा खेड्यात एका साध्या घरात राहायला आले. तेथील शेतकरी आणि मजूर यांच्यासह १९९० साली त्यांनी मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन केली. पहिला लढा किमान मजुरीचा होता. दुष्काळी कामावर राबणाऱ्या मजुराला ठरलेली मजुरी मिळत नसे. तक्रार केली की उत्तर ठरलेले असे: “तुमचे काम कमी भरले, कागदात तसे लिहिले आहे.” कागद दाखवा म्हटले की तो सरकारी, तो दाखवता येत नाही!

येथेच त्या लोकांच्या लक्षात आले की मजुरीची चोरी कुदळ-फावड्याच्या जागी होत नाही, ती कागदावर होते. मग कागदच मागायचा. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना येथे पहिली ‘जनसुनवाई’ झाली. मिळालेल्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचून दाखवल्या गेल्या. अशा सभांतून कामावर कधीच न आलेल्यांची आणि मृत माणसांचीही नावे हजेरीत असल्याचे उघड होऊ लागले. या पद्धतीतला साधेपणा पाहा. त्यासाठी तज्ज्ञ लागला नाही. अमुक माणूस जिवंत आहे की नाही हे गावाला ठाऊकच असते.

एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी पंचायतीच्या कामांच्या कागदांच्या छायाप्रती लोकांना मिळतील असे विधानसभेत आश्वासन दिल्याचे वृत्तपत्रात छापून आले. वर्ष उलटले, आदेश निघाला नाही. तेव्हा ६ एप्रिल १९९६ रोजी संघटनेने ब्यावर येथे चांग गेटपाशी धरणे धरले. ब्यावर तेव्हा अजमेर जिल्ह्यात होते. आणि हंगाम कोणता? लोकसभा निवडणुकीचा! मतदान एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्याच्या प्रारंभी होते. सर्व पक्षांच्या गाड्या, कर्णे आणि सभा सुरू असताना ही खेडूत माणसे एका कोपऱ्यात तंबू टाकून बसली होती.

त्यांची मागणी ऐकून सुरुवातीस पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. भाकरी, पाणी, रस्ता यांतले त्यांनी काहीच मागितले नाही. मागितली ती छायाप्रत! सरकारने आदेश काढला की कागद पाहता येतील, पण छायाप्रत मिळणार नाही. धरणेकऱ्यांनी तो नाकारला. नुसते पाहून आलेल्या कागदाचा पुरावा होत नाही, हे शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांना नेमके कळले होते. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा. खेड्यांतून माणसे पाळीपाळीने येत आणि येताना धान्य आणत. गावातील लोकांनी भाजीपाला व इतर मदत दिली. धरणे चाळीस दिवस चालले. मतदान होऊन गेले, तंबू उठला नव्हता.

या काळात संघटनेने उमेदवार उभा केला नाही. पण याला राजकारणापासून पळणे म्हणता येईल का? उलट त्यांनी उमेदवारांच्या आश्वासनांच्या बाजारात असा एक प्रश्न ठेवला की ज्याला ‘देऊ’ एवढे म्हणून भागत नव्हते. १९९७ मध्ये जयपूरला पुन्हा ५३ दिवसांचे धरणे झाले आणि पंचायतीच्या कागदांच्या प्रती मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. १९९८ च्या अखेरीस राजस्थानात सत्ताबदल झाला. सरकार बदलले, मागणी तीच राहिली. २००० साली राजस्थानने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. आपल्या शेजारच्या गोव्याने तर १९९७ मध्येच असा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा. अखेर १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा देशात पूर्णपणे लागू झाला.

ब्यावरच्या धरण्यापासून या दिवसापर्यंत नऊ वर्षे गेली आणि १९९६, १९९८, १९९९, २००४ अशा चार लोकसभा निवडणुका झाल्या. दूर राहून दाब आणण्याची किंमत ही अशी असते. सभागृहात आपला माणूस नसेल तर वाट लांबची पडते, हेही मान्य केले पाहिजे.

मस्टरवरील तीन दिवस

हा विषय मला पुस्तकापलीकडे का भिडला ते येथे सांगतो. आमचा तालुका कायम दुष्काळी. ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व महाराष्ट्राने देशाला दिले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. आमच्या घरात रोजगार हमी हा शब्द भाकरीसारखाच रोजचा होता. आजी त्या कामांवर गेली, आई गेली.

मी सातवीत असताना आईने पाझर तलावाच्या कामावर दोन आठवड्यांत बारा दिवस माती उचलली. बँकेत पैसे जमा झाले ते नऊ दिवसांचे. पासबुक मी वाचून दाखवले, कारण घरात वाचता येणारा मीच. आईने चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, “मस्टरवर नऊच दिवस आहेत.” मस्टर काही पाहायला मिळाले नाही. काही महिन्यांनी निवडणूक आली. एका उमेदवाराचा कार्यकर्ता आमच्या अंगणात येऊन म्हणाला, “मावशी, आमचं निवडून येऊ द्या, वस्तीवरच्या प्रत्येकाला काम देतो.”

आई म्हणाली, “भाऊ, काम द्याल ते द्याल. केलेल्या कामातले माझे तीन दिवस कुठं गेले, तेवढं आधी सांगा.”

त्याने चहा घेतला आणि तो पुढच्या घरी गेला. ते तीन दिवस अजून मिळालेले नाहीत. ब्यावरविषयी वाचताना मला जाणवले की आईने विचारलेला प्रश्न आणि चांग गेटवर विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. फरक इतकाच की आई एकटी होती आणि तेथे माणसे चाळीस दिवस एकत्र बसली होती. हक्काचा कायदा झाला तरी एकट्या माणसाच्या हाती तो पोहोचतोच असे नाही. कायदा पुस्तकात असतो. तो अंगणापर्यंत आणायला संघटना लागते.

दोन उदाहरणांतून काय दिसते?

निवडणुकीत उतरावे की दूर राहावे, हा आमच्या वर्गातील वाद मला आता थोडा चुकीच्या जागी घातलेला वाटतो. मुंबईच्या कार्यकर्त्या उतरल्या आणि त्यांनी काही मिळवले. ब्यावरचे लोक उतरले नाहीत आणि त्यांनीही मिळवले. तेव्हा यशाचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. मला तीन गोष्टी दोन्हींकडे समान दिसतात.

पहिली गोष्ट, काम निवडणुकीच्या फार आधी सुरू झाले होते. १९७७ च्या मतदाराला मृणालताईंची ओळख करून द्यावी लागली नाही. ब्यावरच्या तंबूमागेही देवडूंगरीतील नऊ वर्षे उभी होती. हंगाम आला म्हणून जे उगवते ते हंगामाबरोबरच वाळते.

दुसरी गोष्ट, मागणी अशी होती की सामान्य माणसाला ती स्वतः तपासता येईल. नळाला पाणी आले की नाही हे बाईला कळते. छायाप्रत हाती पडली की नाही हे मजुराला कळते. ‘सर्वांगीण विकास करू’ या वचनाचे काय झाले हे मात्र कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते वचन प्रत्येक जाहीरनाम्यात बिनधोक सापडते. महागाईचे आंदोलन मोठे होऊनही पाण्याच्या आंदोलनाइतके निश्चित फळ देऊ शकले नाही, त्याचे एक कारण हेच असावे. भाव कोणत्या हाताने वाढतात हे थाळी वाजवणाऱ्या बाईला दिसत नाही. त्यात दुष्काळ होता, १९७३ नंतर जगभर चढलेले तेलाचे भाव होते आणि साठेबाजीही होती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हिशेब आपल्या माणसालाही विचारायचा. राजस्थानात पुढे पंचायत निवडणुकांत संघटनेशी संबंधित काही जण उभे राहिले, तेव्हा उघड हिशेबाची अट त्यांनाही होती. आपल्याकडे उलटे घडते. आपल्या जातीचा, आपल्या गटाचा, आपल्या गावचा निवडून आला की आपण हिशेब विचारणे म्हणजे फितुरी समजतो. पुरोगामी म्हणवणारेही याला अपवाद नाहीत. विरोधकाला प्रश्न विचारायला धैर्य फारसे लागत नाही, आपल्या माणसाला विचारायला लागते.

म्हणून माझे म्हणणे असे की चळवळीची परीक्षा मतदानाच्या दिवशी होत नाही, ती दुसऱ्या दिवशी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोण निवडून येणार याची पर्वा न करता जी माणसे तोच प्रश्न घेऊन पुन्हा एकत्र बसतात त्यांची चळवळ खरी. मग त्यांच्यातील कोणी उमेदवार असो वा नसो.

आपण काय करू शकतो?

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी पुष्कळ मुले-मुली आहेत, ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले आपणच पहिले. निवडणुकीत आपल्याला बोलावले जाते ते फलक लावायला, मोटारसायकलवरून फिरायला आणि चित्रफिती पुढे पाठवायला. त्या संध्याकाळी जेवण मिळते. पण वाचता येणे हे जे आपल्यापाशी आहे आणि आपल्या आईबापांपाशी नव्हते, ते कोणीच मागत नाही. मला वाटते ते आपणच वस्तीला द्यावे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे लोकसभा व विधानसभेच्या उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि स्वतःवरील गुन्हेगारी खटले शपथपत्रात जाहीर करावे लागतात. हे शपथपत्र कोणालाही पाहता येते. निवडणुकीच्या आधी एका संध्याकाळी सर्व उमेदवारांची शपथपत्रे पारावर वाचून दाखवावीत. टीकाटिप्पणी नको, नुसते वाचावे. दिलेली आश्वासने तारखेसह एका वहीत लिहून ठेवावीत आणि ती वही पुढच्या ग्रामसभेत न्यावी. कागद हवा असेल तर माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये शुल्क आहे, प्रतीसाठी पानाला दोन रुपये पडतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हे अर्ज एकट्याने करू नयेत, दहा-पंधरा जणांनी मिळून करावेत. एकट्याला दटावणे सोपे असते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावात झाडलोट करतो, रोपे लावतो, रात्री करमणुकीचा कार्यक्रम करतो. हे सर्व चांगलेच आहे. यंदाच्या शिबिरातील एक रात्र त्या गावच्या ग्रामपंचायतीचा जमाखर्च सरपंचांना बोलावून गावासमोर वाचण्यासाठी ठेवावी, अशी सूचना मी आमच्या प्राध्यापकांपुढे मांडली आहे. त्यांनी ती विचारात घेतो असे सांगितले आहे. वाचणारे आवाज आपल्याकडे आहेत आणि ऐकणारे कान गावात आहेत. मधला कागद तेवढा आणायचा आहे.